बोर्ड बनवायला देण्याआधी: किकॅडमधल्या फूटप्रिंट लायब्ऱ्या कशा सांभाळाव्यात

सर्किट ब्रेडबोर्डवर नीट चाललेलं असतं, राउटिंगही नेटकं झालेलं असतं, आणि बनून आलेल्या बोर्डात रिलेच्या पिना जात नाहीत. पहिला-दुसरा बोर्ड करणाऱ्यांचं गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं. ट्रॅक चुकला तर ब्लेडने कापून वरून वायर टाकता येते. भोकांमधलं अंतर चुकलं किंवा आयसीच्या पिना उलट्या क्रमाने लागल्या, तर मात्र तो अख्खा लॉट बाजूला ठेवावा लागतो. ही चूक टाळणं अवघड नाही. त्यासाठी फूटप्रिंट, म्हणजे पार्टच्या पॅड्सचा आणि भोकांचा बोर्डावरचा आराखडा, येतो कुठून, साठतो कुठे आणि बोर्डात पोचतो कसा, एवढं एकदा नीट समजून घ्यावं लागतं. हा लेख त्यासाठीच आहे.

मी किकॅड धरून लिहिते आहे. सर्किट बोर्ड (पीसीबी) आखायचं हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे. ज्याँ-पिएर शारास यांनी फ्रान्समध्ये १९९२ साली त्याची सुरुवात केली आणि पुढे सर्न या युरोपीय भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसारख्या संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. आपल्याकडे अभियांत्रिकीची बरीच मुलं आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातल्या ई-सिम या सर्किट तपासायच्या सॉफ्टवेअरमधून किकॅडकडे येतात, कारण ई-सिमचा सर्किट काढायचा भाग किकॅडचाच आहे. मेनूंची नावं किकॅड ९ प्रमाणे दिली आहेत. ६ पासून पुढच्या आवृत्त्यांत रचना साधारण तशीच आहे.

किकॅडबरोबर हजारो तयार फूटप्रिंट येतात आणि इंटरनेटवर आणखी कितीतरी मिळतात. तुटवडा फूटप्रिंटचा नसतो, भरवशाचा असतो. म्हणून माझा आग्रह एकच: तुमची स्वतःची लायब्ररी लहान ठेवा, आणि प्रत्यक्ष पार्टशी ताडून पाहिलेला फूटप्रिंटच तिच्यात जाऊ द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका शिस्तीसाठी आहेत.

हे जवळ असू द्या

- वापरणार असाल त्या प्रत्येक पार्टची डेटाशीट, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेली
- डिजिटल व्हर्निअर कॅलिपर (स्वस्तातलाही चालतो, शून्य नीट दाखवत असला म्हणजे झालं)
- कंटिन्यूटीला बीप देणारा मल्टिमीटर
- साधा प्रिंटर आणि स्टीलची पट्टी
- प्रत्यक्ष पार्ट, किमान एकेक नग
- शक्य असल्यास गिट (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर). नसेल तर बॅकअपची कोणतीही सवय

शेवटून दुसऱ्या गोष्टीवर थोडं थांबते. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टर्मिनल ब्लॉक, पुश बटण, डीसी जॅक हे सगळं सुटं मिळतं. त्यावर मॉडेल नंबर असेलच असं नाही, आणि पुढच्या वेळी त्याच दुकानात तोच माल असेल याचीही खात्री नाही. अशा पार्टच्या बाबतीत क्रम उलटा ठेवा: पार्ट आधी विकत घ्या, फूटप्रिंट नंतर ठरवा. आणि बोर्डांना लागतील तेवढे नग एकदमच घ्या.

१. तीन वेगळ्या गोष्टी ओळखा

सर्किटच्या आकृतीत दिसतो तो सिम्बॉल. बोर्डावर तांब्याचे पॅड्स, भोकं आणि बाह्यरेषा दाखवतो तो फूटप्रिंट. त्रिमितीय चित्रात उभा राहतो तो थ्रीडी मॉडेल. किकॅडमध्ये या तिन्हींच्या लायब्ऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांना जोडणारे धागे फार साधे आहेत.

सिम्बॉलमध्ये ‘फूटप्रिंट’ नावाचा एक रकाना असतो. त्यात लायब्ररीचं टोपणनाव, मग विसर्गासारखं कोलनचं चिन्ह, मग फूटप्रिंटचं नाव असं लिहिलेलं असतं. फूटप्रिंटच्या फाइलमध्ये थ्रीडी मॉडेलचा पत्ता असतो. एवढंच. सिम्बॉलची पिन आणि फूटप्रिंटचं पॅड यांची गाठ फक्त नंबराने पडते: सिम्बॉलची पिन ३ म्हणजे फूटप्रिंटचं पॅड ३. त्या पॅडवर प्रत्यक्षात कलेक्टर येतो की एमिटर, हे किकॅडला कळत नाही. ते बघणं तुमचं काम आहे, आणि पाचव्या पायरीत आपण तेच करणार आहोत.

थ्रीडी मॉडेल छान दिसलं म्हणून फूटप्रिंट बरोबर असेल असं समजू नका. मॉडेल आणि पॅड्स वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी केलेले असू शकतात.

२. लायब्ररी डिस्कवर कशी असते ते एकदा उघडून बघा

फूटप्रिंट लायब्ररी म्हणजे एक फोल्डर, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डॉट प्रिटी’ असतं. त्यातला प्रत्येक फूटप्रिंट ही एक स्वतंत्र फाइल, शेवटी ‘डॉट किकॅड_मॉड’. सिम्बॉलचं याहून वेगळं: तिथे साधारणपणे एका लायब्ररीची एकच फाइल असते. या सगळ्या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतात. एखादी उघडून वाचा. पॅडचा नंबर, जागा, आकार, भोकाचा व्यास, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं दिसेल.

पण फोल्डर डिस्कवर असलं म्हणजे ते किकॅडला दिसतं असं नाही. त्यासाठी ‘एफपी-लिब-टेबल’ नावाची यादी असते आणि तिचे दोन प्रकार आहेत. एक ग्लोबल, म्हणजे त्या संगणकावरच्या सगळ्या प्रोजेक्टसाठी. दुसरी प्रोजेक्टपुरती, जी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच राहते. ‘प्रेफरन्सेस’ मेनूतल्या ‘मॅनेज फूटप्रिंट लायब्ररीज’मध्ये या दोन्हींचे दोन टॅब दिसतात. सिम्बॉलसाठी अशीच वेगळी यादी आहे. नवशिके अनेकदा लायब्ररीचं फोल्डर कुठेतरी कॉपी करून टाकतात आणि ती दिसत का नाही म्हणून शोधत बसतात. यादीत नोंद केल्याशिवाय ती दिसणार नाही.

३. स्वतःची लायब्ररी प्रोजेक्टच्या आत ठेवा

इथे दोन मतं आहेत. काही जण सगळ्या कामांसाठी एकच मोठी वैयक्तिक लायब्ररी ग्लोबल यादीत ठेवतात. अनुभव आल्यावर ते सोयीचं पडतं. सुरुवात करणाऱ्याला मी प्रोजेक्टपुरती लायब्ररीच सुचवेन, कारण तुमचं प्रोजेक्ट मित्राकडे, शिक्षकांकडे किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर गेलं की लायब्ररी त्याच्याबरोबर जाते.

कृती अशी:

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘लिब’ असं एक उपफोल्डर करा. फूटप्रिंट एडिटर उघडा, फाइल मेनूतून नवी लायब्ररी घ्या, विचारल्यावर ‘प्रोजेक्ट’ निवडा आणि ती ‘लिब’मध्ये सेव्ह करा. मग ‘मॅनेज फूटप्रिंट लायब्ररीज’च्या प्रोजेक्ट टॅबमध्ये तिचा पत्ता तपासा. पत्त्याची सुरुवात डॉलर-महिरपी कंसातल्या ‘केआयपीआरजेएमओडी’ या व्हेरिएबलने झालेली हवी. त्याचा अर्थ ‘हे प्रोजेक्ट जिथे आहे ते फोल्डर’. तिथे सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव असा पूर्ण पत्ता दिसत असेल तर तो लगेच बदला. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर तो चालणार नाही. थ्रीडी मॉडेल स्वतः आणलं असेल तर ते ‘लिब’च्याच आत ठेवा आणि त्याचाही पत्ता याच व्हेरिएबलने सुरू करा. किकॅड ९ मध्ये मॉडेल थेट फूटप्रिंटच्या फाइलमध्ये अंतर्भूत करण्याची सोयही आली आहे.

टोपणनाव एकदा ठरवलं की बदलू नका. सर्किटमधल्या प्रत्येक सिम्बॉलच्या रकान्यात तेच लिहिलेलं असतं. नाव बदललं की सगळे दुवे एकदम तुटतात. नावात स्पेस नको, तारीख नको, ‘न्यू’, ‘फायनल’ असलंही काही नको.

किकॅडबरोबर आलेल्या मूळ लायब्ऱ्यांना हात लावू नका. त्या सहसा लिहिण्यापासून संरक्षित असतातच, पण परवानगी मिळवून बदल केलात तरी पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला जाईल. बदल हवा असेल तर मूळ फूटप्रिंट उघडा, ‘सेव्ह अ‍ॅज’ने आपल्या लायब्ररीत घ्या आणि तिथे बदला.

४. तयार फूटप्रिंटचं नाव वाचायला शिका

किकॅडच्या अधिकृत लायब्ररीत नावं नियमाने दिलेली आहेत आणि नावातच बहुतेक मापं असतात. ‘एसओआयसी-८_३.९x४.९एमएम_पी१.२७एमएम’ म्हणजे आठ पिनांचं एसओआयसी (आयसीचं एक पॅकेज, म्हणजे बाहेरचा साचा), शरीर ३.९ गुणिले ४.९ मिलिमीटर, पिनांमधलं अंतर १.२७. ‘पी’ म्हणजे पिच, ‘डी’ म्हणजे व्यास, ‘डब्ल्यू’ म्हणजे रांगांमधली रुंदी. डेटाशीटमधल्या आकृतीशी नाव ताडून बघितलं तर अर्धी तपासणी तिथेच होते.

नेहमी फसवणाऱ्या काही जागा सांगते.

एसओआयसी-८ एकाच रुंदीचं नसतं. साधा ऑप-अँप ३.९ मिलिमीटर रुंद शरीरात येतो. डब्ल्यू२५क्यू मालिकेतली फ्लॅश मेमरी मात्र १५० मिल आणि २०८ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा दोन्ही रुंदींत मिळते, आणि २०८ मिल म्हणजे जवळपास ५.३ मिलिमीटर. पिच दोन्हींचा सारखाच असल्यामुळे पडद्यावर फरक लक्षात येत नाही. पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरं कोणत्या पॅकेजची आहेत ते डेटाशीटच्या ऑर्डरिंगच्या तक्त्यात बघा.

रेझिस्टर-कपॅसिटरच्या आकाराचे दोन सांकेतिक क्रमांक असतात, एक इंचातला आणि एक मिलिमीटरमधला. इंचातलं ०८०५ म्हणजे मेट्रिक २०१२, साधारण २.० गुणिले १.२५ मिलिमीटर. इंचातलं ०६०३ म्हणजे मेट्रिक १६०८. पण मेट्रिक ०६०३ असाही एक आकार आहे आणि तो इंचातल्या ०२०१ इतका, म्हणजे ०.६ गुणिले ०.३ मिलिमीटर, धुळीच्या कणासारखा बारीक. किकॅड दोन्ही क्रमांक नावात लिहितं, म्हणून पूर्ण नाव वाचा. हाताने सोल्डर करणार असाल तर ज्याच्या नावात शेवटी ‘हँडसोल्डर’ आहे तो घ्या. त्याचे पॅड्स थोडे लांब असतात आणि सोल्डरिंग गनचं टोक टेकवायला जागा मिळते.

टर्मिनल ब्लॉक ५.०० आणि ५.०८ अशा दोन पिचमध्ये येतात. दोन पिनांच्या ब्लॉकला काहीच फरक पडत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. बारा पिनांच्या ब्लॉकमध्ये अकरा अंतरं असतात; प्रत्येकी ०.०८ धरलं तर शेवटची पिन ०.८८ मिलिमीटरने सरकते. ती भोकात जाणार नाही. लांब कनेक्टरचा पिच मोजताना दोन शेजारच्या पिना मोजू नका. पहिली ते शेवटची अंतर मोजा आणि अंतरांच्या संख्येने भागा.

यूएसबी-सीच्या सॉकेटसाठी ‘टाइप-सी, १६ पिन’ एवढं वर्णन पुरत नाही. बाहेरच्या पत्र्याचे पाय आणि खालचे खुंट निर्मात्यागणिक बदलतात. किकॅडमधले फूटप्रिंट म्हणूनच थेट मॉडेलच्या नावाने आहेत, उदाहरणार्थ ‘एचआरओ टाइप-सी-३१-एम-१२’. आधी फूटप्रिंट निवडा आणि तेच मॉडेल मागवा, किंवा मागवलेल्या मॉडेलचा फूटप्रिंट स्वतः करा. मधला मार्ग नाही.

५. पिन नंबर: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

मापं चुकली तर पार्ट बसत नाही आणि चूक लगेच दिसते. पिन नंबर चुकले तर पार्ट मस्त बसतो, वीज दिल्यावर तापतो किंवा गप्प राहतो, आणि चूक शोधायला दिवस जातात. म्हणून ही पायरी घाईने उरकू नका.

ट्रान्झिस्टरपासून सुरू करा. बीसी५४७ चा सपाट भाग स्वतःकडे धरला की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोघंही टीओ-९२ या एकाच पॅकेजमध्ये. याहून फसवा प्रकार २२२२ चा आहे: पीएन२२२२ए मध्ये क्रम एमिटर-बेस-कलेक्टर आणि पी२एन२२२२ए मध्ये कलेक्टर-बेस-एमिटर. नावात एका अंकाचा फरक, आणि क्रम उलटा. किकॅडमध्ये एनपीएनचे सर्वसाधारण सिम्बॉल नावाच्या शेवटी ईबीसी, सीबीई, बीईसी अशी अक्षरं लावून वेगवेगळे दिलेले आहेत ते याचसाठी. डेटाशीटमध्ये १, २, ३ समोर काय लिहिलंय ते बघून सिम्बॉल निवडा. एसओटी-२३ या छोट्या पॅकेजमध्येही हेच: बीसी८४७ मध्ये १ बेस, २ एमिटर, ३ कलेक्टर.

व्होल्टेज रेग्युलेटरचा धातूचा मोठा टॅब कोणत्या पिनेला जोडलेला आहे ते बघा. ७८०५ चा टॅब ग्राउंडला असतो. एएमएस१११७ चा टॅब आउटपुटला असतो, म्हणजे पिन २ ला. किकॅडमध्ये त्यासाठी ‘एसओटी-२२३-३_टॅबपिन२’ असा वेगळा फूटप्रिंट आहे. ७८०५ ची सवय असलेला माणूस एएमएस१११७ च्या टॅबखाली ग्राउंडचं तांबं पसरवतो आणि आउटपुट थेट शॉर्ट होतं.

डायोडच्या बाबतीत किकॅडची पद्धत ठरलेली आहे: पॅड १ म्हणजे कॅथोड, पॅड २ म्हणजे अ‍ॅनोड. बाहेरून आणलेल्या फूटप्रिंटमध्ये ती पाळलेली असेलच असं नाही. काहींमध्ये पॅडला नंबरऐवजी ए आणि के अशी अक्षरं असतात. सिम्बॉलच्या पिनेला १ आणि फूटप्रिंटच्या पॅडला के असेल तर गाठ पडणारच नाही. बोर्ड अपडेट करताना त्याबद्दल सूचना येते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सहा गुणिले सहाचं छोटं पुश बटण घ्या. त्याला चार पाय असतात, पण आतून दोन-दोन कायम जोडलेले. पायांचा आयत ६.५ गुणिले ४.५ मिलिमीटरचा असतो आणि ६.५ अंतरावरचे दोन पाय आतून एकच असतात. किकॅडच्या फूटप्रिंटमध्ये त्यांना एकच नंबर दिलेला आहे, १ आणि १, २ आणि २. स्वतः फूटप्रिंट करताना नव्वद अंशांत चूक झाली तर बटण न दाबताच दाबलेलं राहतं. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि पायांच्या जोड्या तपासा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: डेटाशीटमधली आकृती कुठून बघून काढली आहे? वरून, खालून, की प्लग आत जातो त्या तोंडाकडून? कनेक्टर, रिले आणि सेन्सर मॉड्यूल यांच्या डेटाशीटमध्ये पिनांची आकृती पुष्कळदा खालून बघून काढलेली असते. ती तशीच एडिटरमध्ये उतरवली तर फूटप्रिंट आरशातल्यासारखा उलटा होतो. ‘बॉटम व्ह्यू’ हे शब्द आकृतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतात. ते शोधा. सापडले नाहीत तर प्रत्यक्ष पार्ट हातात घेऊन, पिना खाली करून, आकृतीशी जुळवा.

६. नवा फूटप्रिंट करायचा असेल तर

आधी तयार लायब्ररीत जवळपासचं काही आहे का ते बघा. पिच आणि पिनांची संख्या जुळणारा फूटप्रिंट आपल्या लायब्ररीत घेऊन त्यात बदल करणं शून्यातून सुरू करण्यापेक्षा सुरक्षित असतं. नाहीच मिळाला तर असं करा.

एकक मिलिमीटर ठेवा. डेटाशीट इंचात असेल तरी आकडा रूपांतरित करून मिलिमीटरमध्येच घाला. एकाच फूटप्रिंटमध्ये दोन एककं मिसळली की गोंधळ ठरलेला. शून्यबिंदू सरफेस माउंट पार्टला मध्यभागी आणि भोकवाल्या पार्टला पहिल्या पिनेवर ठेवायचा, अशी किकॅडच्या लायब्ररीची प्रथा आहे. तीच पाळा.

पॅडच्या जागा माउसने ओढून ठरवू नका, पॅडच्या प्रॉपर्टीजमध्ये आकडे टाइप करा. डेटाशीटमधली ‘शिफारस केलेली पॅड रचना’ वाचताना अंतर मध्यापासून मध्यापर्यंत दिलंय की बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, हे बघा. समजा पॅडच्या दोन रांगांत बाहेरून बाहेर ७.० आणि आतून आत ४.० मिलिमीटर दिलं आहे. पॅडची लांबी म्हणजे दोघांच्या फरकाचं निम्मं, १.५. मध्यांतलं अंतर म्हणजे दोघांची सरासरी, ५.५. म्हणजे पॅडचे मध्य उणे २.७५ आणि अधिक २.७५ वर येतील. हा हिशेब कागदावर लिहून मगच आकडे घाला.

भोकाच्या बाबतीत साधा नियम: पिनेच्या सर्वांत जाड मापात किमान ०.२ मिलिमीटर मिळवा. पिन चौकोनी असेल तर जाडी म्हणजे कर्ण. नेहमीच्या २.५४ पिचच्या हेडरची पिन ०.६४ मिलिमीटर चौरस असते. तिचा कर्ण ०.९ च्या किंचित वर जातो. किकॅडच्या हेडरला १.० चं भोक दिलेलं आहे, म्हणजे हा नियम तिथे थोडा आखडूनच वापरला आहे, तरी पिन व्यवस्थित जाते. ०.६४ बघून ०.८ चं भोक दिलं तर मात्र पिन अडकेल. डीसी जॅकसारख्या पार्टचे पाय पट्टीसारखे चपटे असतात. त्यांना लांबट भोक लागतं आणि ते तुमच्या बोर्डवाल्याला जमतं का ते आधी विचारून घ्या. नुसता खुंट जाण्यासाठीचं, तांबं नसलेलं भोक ‘एनपीटीएच’ प्रकारचं घ्यायचं आणि त्याला नंबर द्यायचा नाही.

तांब्याव्यतिरिक्त तीन थर भरायचे असतात. फॅब थरावर पार्टचं खरं शरीर, ०.१ मिलिमीटरच्या रेषेने. सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या शाईच्या छपाईत, ०.१२ च्या रेषेने बाह्यरेषा आणि पहिल्या पिनेची खूण. ही रेषा पॅडवर चढता कामा नये, आणि खूण पार्ट बसल्यावरही दिसली पाहिजे, त्याच्या पोटाखाली नको. तिसरा कोर्टयार्डचा थर, म्हणजे पार्टभोवतीची राखीव जागा. साधारण पार्टला चहूबाजूंनी ०.२५ आणि कनेक्टरला ०.५ मिलिमीटर सोडायचं. नवशिके हा थर बहुधा गाळतात. कोर्टयार्डच नसेल तर दोन पार्ट एकमेकांत घुसले तरी डिझाइन तपासणीत ती टक्कर दिसत नाही.

फूटप्रिंटच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रकार ‘एसएमडी’ की ‘थ्रू होल’ ते बरोबर निवडा. मशीनने पार्ट बसवून घेणार असाल तर त्यासाठीची फाइल यावरून बनते. वर्णनाच्या रकान्यात निर्माता, मॉडेल नंबर आणि डेटाशीटची आवृत्ती लिहा. सहा महिन्यांनी हीच ओळ तुम्हाला वाचवेल. शेवटी एडिटरमधला ‘फूटप्रिंट चेकर’ चालवा.

७. कागदावर छापून पार्ट ठेवून बघा

फूटप्रिंट कितीही विश्वासू ठिकाणाहून आलेला असो, कनेक्टर, रिले, बटण, जॅक, मॉड्यूल यांसाठी ही पायरी सोडू नका.

बोर्ड एकास एक प्रमाणात छापा. किकॅडच्या प्रिंट खिडकीत प्रमाण १:१ निवडा. त्यानंतर पीडीएफ वाचकाची किंवा प्रिंटरची स्वतःची खिडकी येते, तिथे ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवा. सापळा नेमका या दुसऱ्या खिडकीत असतो. ‘फिट टू पेज’ कागदाच्या कडा सांभाळायला आकृती गुपचूप आखडतं. म्हणून बोर्डाच्या बाहेर १०० मिलिमीटरची एक रेषा काढून ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. ती बरोबर भरली तरच पुढे जा.

मग कागद थर्माकोलवर ठेवून भोकवाले पार्ट सरळ टोचून बघा. पिना छापलेल्या वर्तुळांच्या मधोमध जातात का? शेजारच्या पार्टचं शरीर अंगावर येतं का? यूएसबीचं तोंड बोर्डाच्या कडेच्या बाहेर पुरेसं येतं का? स्क्रू घट्ट करायला पेचकस टर्मिनल ब्लॉकपर्यंत पोचेल का? हे प्रश्न पडद्यावर सुचत नाहीत, कागदावर आपोआप सुचतात.

तपासून झालेल्या फूटप्रिंटच्या वर्णनात तशी नोंद करा.

८. इंटरनेटवरून उतरवलेले फूटप्रिंट

स्नॅपमॅजिक (आधीचं स्नॅपईडीए), अल्ट्रा लायब्रेरियन अशा संकेतस्थळांवर सिम्बॉल, फूटप्रिंट आणि थ्रीडी मॉडेल असा संच एकदम मिळतो. वेळ वाचतो, जरूर वापरा. मात्र ते थेट ग्लोबल यादीत घालू नका. ‘तपासायचे’ अशी एक वेगळी लायब्ररी ठेवा, तिथे आणा, पाचव्या आणि सातव्या पायरीतून काढा, आणि मगच आपल्या मुख्य लायब्ररीत हलवा. या फूटप्रिंटमध्ये कोर्टयार्ड नसणं, सिल्कस्क्रीन पॅडवर येणं, नावं अगम्य असणं या गोष्टी नेहमीच्या आहेत. हलवताना नाव किकॅडच्या पद्धतीने बदलून घ्या.

परवान्याचंही बघा. किकॅडच्या अधिकृत लायब्ऱ्या सीसी बाय-एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, आणि त्यात स्पष्ट सूट दिलेली आहे की त्या वापरून केलेलं तुमचं डिझाइन खुलं करण्याचं बंधन तुमच्यावर येत नाही. बाहेरच्या संकेतस्थळांच्या अटी वेगळ्या असू शकतात. त्यांचे फूटप्रिंट सार्वजनिक ठिकाणी पुन्हा वाटण्याआधी त्या वाचा.

९. लायब्ररीत केलेली दुरुस्ती बोर्डात आपोआप जात नाही

बोर्डावर फूटप्रिंट ठेवला की त्याची प्रत बोर्डाच्या फाइलमध्ये जाते. त्यानंतर लायब्ररीत भोक मोठं केलंत तरी बोर्डातली जुनी प्रत तशीच राहते. यात सोयही आहे: लायब्ररी हरवली तरी जुना बोर्ड शाबूत उघडतो. पण दुरुस्ती करून, समाधानाने गर्बर फाइली (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइली) काढून पाठवल्या आणि बोर्डात जुनंच भोक आलं, असंही याचमुळे होतं.

दुरुस्तीनंतर बोर्ड एडिटरच्या ‘टूल्स’ मेनूतून ‘अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी’ चालवा. सगळे फूटप्रिंट एकदम अपडेट करू नका, बदललेला तेवढाच निवडा. नाहीतर हाताने हलवलेले मजकूर मूळ जागी जाऊ शकतात. सर्किटमध्ये सिम्बॉलचा फूटप्रिंट बदलला असेल तर एफ८ दाबून सर्किटवरून बोर्ड अपडेट करा आणि ‘फूटप्रिंट बदला’ या अर्थाच्या पर्यायावर टिक आहे का ते बघा. त्यानंतर डिझाइन तपासणी चालवा. बोर्डातला फूटप्रिंट लायब्ररीतल्या प्रतीशी जुळत नसेल तर नव्या आवृत्त्या तशी सूचना देतात. ती सूचना आली की थांबा आणि फरक कशात आहे ते ठरवा. मुद्दाम केलेला असेल तर ठीक.

१०. आवृत्ती बदलताना आणि दुसऱ्याबरोबर काम करताना

किकॅडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की जुन्या सेटिंग्ज आणायच्या का असं विचारतं. हो म्हणा, नाहीतर ग्लोबल यादीतल्या तुमच्या नोंदी तिथे दिसणार नाहीत. मूळ लायब्ऱ्यांच्या पत्त्यांतल्या व्हेरिएबलच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, ८ च्या जागी ९ असा. जुन्या प्रोजेक्टमध्ये थ्रीडी मॉडेल गायब झाली तर बहुधा कारण हेच असतं; ‘कॉन्फिगर पाथ्स’मध्ये बघा.

नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ७ आणि घरी ९ असेल तर घरी सेव्ह केलेलं काम तिथे उघडणार नाही. गटात काम सुरू करतानाच सगळ्यांनी एकच आवृत्ती ठरवा.

सगळं साध्या मजकुरात असल्यामुळे गिट इथे फार उपयोगी पडतं. प्रोजेक्टच्या फोल्डरबरोबर ‘लिब’ आणि दोन्ही लायब्ररी याद्या गिटमध्ये असू द्या. फूटप्रिंटमधला प्रत्येक बदल वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत, आणि संदेशात कारण लिहा: ‘रिलेचं भोक १.० वरून १.३, प्रत्यक्ष पिन १.०५’ असं. बोर्ड बनवायला पाठवला त्या दिवशीच्या कमिटला टॅग लावा, म्हणजे हातातला बोर्ड नेमका कोणत्या फूटप्रिंटवरून बनला हे नंतर शोधता येतं. मग प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करून, म्हणजे गिटमधून पूर्ण प्रत उतरवून, उघडा. एकही लायब्ररी न सापडल्याची तक्रार आली नाही, की गर्बर फाइली पाठवायला हरकत नाही.